चाफा, मॅग्नोलिया आणि कोल्हापूरची काळी माती : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण अंगणातल्या मोठ्या झाडांबद्दल प्रश्न मागवले होते, त्यात मॅग्नोलिया आणि सोनचाफ्यावरचेच प्रश्न जास्त आले, म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यांनाच दिलाय. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं न देता फक्त भाग किंवा गाव लिहिलंय.

प्रश्न (रुईकर कॉलनी): नमस्कार. मोबाईलवर एका बंगल्यासमोरचं मॅग्नोलियाचं झाड बघितलं, भली मोठी पांढरी फुलं, चकचकीत पानं आणि बारा महिने हिरवं असतं म्हणे. आमच्या पुढच्या बाजूला बऱ्यापैकी मोकळी जागा आहे. कोल्हापुरात येईल का हे झाड, की थंड हवेचंच आहे? मिस्टर म्हणतात पैसे वाया जातील.

उत्तर: येतं की ताई, पण जागा आणि पाणी बघून. तुम्ही बघितलं ते मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा. त्याचं मूळ गाव अमेरिकेचा आग्नेय भाग, म्हणजे कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडापासून लुइझियाना, टेक्सासपर्यंतचा पट्टा, मिसिसिपी आणि लुइझियाना या दोन राज्यांचं तर ते राज्यफूल आहे. तिकडचा उन्हाळा गरम आणि दमट असतो, त्यामुळं हे बर्फातलं झाड आहे हा गैरसमज आधी काढून टाका. पानं यायच्या आधीच गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरलेली झाडं फोटोत दिसतात ना, ती मॅग्नोलियाच पण वेगळी, पानगळीची, त्यांना कडक हिवाळा लागतो, ती इथं आणायच्या भानगडीत पडू नका.

आपल्याकडं डेहराडून, उटी अशा ठिकाणी ग्रँडिफ्लोरा बागांमधून लावलेला आहे. कोल्हापूर साधारण ५५० मीटर उंचीवर, थंडी बेताची, पाऊस चांगला, म्हणजे हवामान अगदीच परकं नाही. अडचण आहे ती मार्च ते मे या तीन महिन्यांची. त्याच्या गावाकडं ऐन उन्हाळ्यातही पाऊस पडतो आणि आपल्याकडं तेव्हाच कोरडा वारा सुटतो, मग पानांच्या कडा करपतात. त्या तीन महिन्यांत चार-पाच दिवसांनी भरपूर, खोलवर मुरेल असं पाणी द्यायची तयारी असेल आणि दुपारनंतरच्या उन्हाला आडोसा देणारी एखादी भिंत किंवा मोठं झाड पश्चिमेला असेल, तर मिस्टरांना सांगा पैसे वाया जात नाहीत.

फूल २० ते ३० सेंटिमीटर रुंद होतं, वासाला लिंबाची झाक असते. पाकळी जाड असते, पण बोट लावलं की थोड्या वेळानं तिथं तपकिरी डाग उमटतो, त्यामुळं देवाला वाहायला किंवा केसात माळायला ते कामाचं नाही, झाडावरच बघायचं. एकेक फूल दोन-चार दिवसच टिकतं, पण एकामागून एक कळ्या उघडत राहतात. मॅग्नोलियाचं कूळ फार जुनं, मधमाश्या जगात यायच्याही आधीचं, त्यामुळं त्याच्या फुलात परागीभवनाचं मुख्य काम भुंगेरे करतात. सकाळी उमललेल्या फुलात वाकून बघा, मधल्या दांड्यावर केसर पेचात मांडलेले दिसतात आणि त्यातच एखादा छोटा भुंगेरा खुडबूड करत असतो.

उंचीचं मात्र आधी ठरवा. मोकळं सोडलं तर हे झाड २० ते २५ मीटरपर्यंत जातं आणि खालच्या फांद्या जमिनीपर्यंत येतात, तेच त्याचं खरं रूप आहे, खालून छाटून त्याचा नुसता खांब करू नका. बंगल्याच्या अंगणाला ‘लिटल जेम’ ही बुटकी जात बरी, ४ ते ६ मीटरवर थांबते, पान लहान, फूलही लहान, पण कमी वयात फुलायला लागते आणि जास्त दिवस फुलते. आणि ग्रँडिफ्लोराचाच हट्ट नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की सोनचाफा लावा, तोही मॅग्नोलियाच आहे आणि आपल्या मातीतला आहे.

प्रश्न (शिवाजी पेठ): सोनचाफा हा मॅग्नोलियाच असं मुलगी म्हणते, तिचं बॉटनी आहे. मग देवळाच्या आवारातला पांढरा चाफा पण त्यातलाच का? नर्सरीत चाफा मागितला की भलतंच काहीतरी काढून देतात.

उत्तर: मुलगी बरोबर बोलतेय मावशी. सोनचाफ्याला पूर्वी मायकेलिया चंपाका म्हणायचे, आता तो मॅग्नोलिया चंपाका. वेगळा ठेवला होता त्याचं एक मोठं कारण फूल कुठं येतं हे होतं. ग्रँडिफ्लोराचं फूल फांदीच्या शेंड्याला येतं आणि सोनचाफ्याचं पानाच्या बगलेत, म्हणजे पान फांदीला जोडलेलं असतं त्या कोपऱ्यात. पुढं अभ्यासकांना दिसलं की एवढ्यावरून वेगळं घर मांडायची गरज नाही, आणि सगळे मॅग्नोलियात आले. हा फरक तुम्ही मात्र लक्षात ठेवा कारण छाटणी त्याच्यावरच ठरते. सोनचाफा नवीन फुटीवर बगलेत फुलतो, म्हणून बहर संपल्यावर शेंडे हलके खुडले की फांद्या वाढतात आणि फुलंही वाढतात. ग्रँडिफ्लोराचे शेंडे चुकीच्या वेळी छाटले तर येणारी फुलंच छाटली जातात, त्याला शक्यतो कात्री लावायचीच नाही, वाळलेली फांदी सोडून.

देवळातला पांढरा चाफा, खुरचाफा, देवचाफा जे म्हणाल तो प्लुमेरिया, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, तो मेक्सिको आणि कॅरिबियन बाजूनं आलेला. पान मोडलं की पांढरा चीक येतो, हिवाळ्यात बोडका होतो. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला वेल, नागचाफा आणखी तिसऱ्याच कुळातला. कवठी चाफा मात्र मॅग्नोलियाच, झुडूप असतं, फूल गोलसर, खाली मान घातलेलं आणि वास रात्री सुटतो.

नर्सरीत ओळखायचं कसं ते सांगतो. रोपाची कोवळी फांदी हातात घ्या आणि पान जिथं जोडलेलं असतं तिथं नीट बघा. मॅग्नोलियाच्या कुळात प्रत्येक पानाच्या तळाशी फांदीला पूर्ण गोल फिरलेली एक बारीक रेघ असते, अंगठी घातल्यागत. नवीन पान आधी एका टोपीत गुंडाळलेलं असतं, पान उघडलं की ती टोपी गळून पडते आणि तिची खूण राहते. ही रेघ नसेल तर तो सोनचाफा नाही, कुणी काहीही सांगू दे. ग्रँडिफ्लोरा असेल तर पान उलटं करा, मागं गंजाच्या रंगाची बारीक लव दिसते, काही जातींत कमी, काहींत चांगली दाट.

प्रश्न (उचगाव): आमचा प्लॉट म्हणजे पूर्वीचं उसाचं रान. सगळी काळी माती, पावसात पाय रुततो आणि मे महिन्यात हात जाईल अशा भेगा पडतात. दोनदा सोनचाफा लावला, दोन्ही वेळा पावसाळ्यात पानं काळी पडून गेला. खड्डा चांगला तीन फूट काढून पन्हाळ्याकडची लाल माती भरली होती, शेणखत पण टाकलं होतं. मग कुठं गाडी अडतेय?

उत्तर: दादा, तुमच्या झाडाला तो खड्डाच मारतोय. तुम्ही मन लावून केलंय हे कळतंय, आणि पुस्तकातसुद्धा खड्डा काढा, चांगली माती भरा असंच लिहिलेलं असतं, पण ते निचऱ्याच्या जमिनीसाठी. काळ्या मातीत खोल खड्डा काढून त्यात मोकळी लाल माती भरली की काय होतं, पावसाचं आजूबाजूचं पाणी त्या मोकळ्या मातीत येऊन बसतं, आणि चारी बाजूची आणि तळाची चिकण काळी माती त्याला हलू देत नाही, म्हणजे झाड जमिनीत नाही तर टाकीत उभं राहतं. मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात, वर पानं कोमेजतात, आणि पानं कोमेजली म्हणून माणूस वरून अजून पाणी घालतो.

आधी एक साधी परीक्षा करा. दीड फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, सगळं जिरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि मग घड्याळ लावून बघा. तासाला साधारण एक इंच पाणी उतरत असेल तर काळजी नाही. रात्रभर पाणी तसंच राहिलं तर त्या जागी खड्ड्यात लावायचंच नाही, उंचवट्यावर लावायचं.

उंचवटा मे महिन्यातच करून ठेवा. सहा-सात फूट व्यासाची जागा कुदळीनं नुसती वरवर मोकळी करायची, मग तुमचीच काळी माती, लाल माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत एकत्र कालवून दीड फूट उंच, पसरट उतारांचा ढीग घालायचा. पसरट महत्त्वाचं, टोकदार केला तर पावसात वाहून जातो. वळवाचे दोन-चार पाऊस त्यावर पडू द्या, माती बसते, मग कमी पडेल तिथं भर घाला. रोप लावायची घाई मृगातच करायला पाहिजे असं नाही, तुमच्यासारख्या जमिनीत आषाढाचा जोर ओसरल्यावर श्रावणात लावलं तर उलट बरं, माती ओली असते आणि पाणी साचायचे दिवस सरत आलेले असतात.

लावताना पिशवी फाडून पूर्ण काढा. मुळं पिशवीच्या आकारात गोल फिरलेली असतील तर बोटांनी अलगद मोकळी करा, नाहीतर ती आयुष्यभर तशीच गोल फिरत राहतात. खोडाचा तळ मातीच्या वर इंचभर राहिला पाहिजे, खाली नाही. कलमाचा जोड तर कधीच मातीत गाडायचा नाही.

आणि उचगावात असल्यावर आच्छादनाला पाचट विकत आणायला नको! उसाचं पाचट चार बोटं जाडीनं उंचवट्यावर पसरा, खोडापासून वीतभर लांब ठेवा, वाळवीवर लक्ष ठेवा. काळी माती उन्हाळ्यात फाटते तेव्हा त्या भेगांबरोबर बारीक मुळंही तुटतात, पाचट असलं की ओल टिकते आणि भेगा पडत नाहीत. दुसरं म्हणजे दरवर्षी खुरपं, कुदळ घेऊन आळं खणायची आपल्याकडं सवय आहे, ती या झाडाला अजिबात नको. मॅग्नोलियाची मुळं जाड, मांसल आणि वरच्या थरात पसरलेली असतात, तुटली की लवकर भरून येत नाहीत. गवत हातानं उपटा, बाकी त्याच्या पायाशी लोखंड नेऊ नका.

प्रश्न (राजारामपुरी): घरापासून किती लांब लावायचा? ड्रेनेजची पाइप जवळून जाते.

उत्तर: सोनचाफा भिंतीपासून निदान १० ते १२ फूट, ग्रँडिफ्लोरा पूर्ण वाढीचा असेल तर २० फूट, लिटल जेम ८ ते १० फूट. पिंपळ-वडासारखी ही मुळं भिंत फोडत नाहीत, पण पाइपचा जोड गळत असेल तर कुठलंही मूळ ओलीकडं जाणार, म्हणून आधी जोड दुरुस्त करून घ्या आणि लाइन सोडून लावा. वर विजेच्या तारा आहेत का तेही बघा, नाहीतर पुढं कुणीतरी येऊन शेंडा उडवून जातं आणि झाडाची रयाच जाते.

प्रश्न (कळंबा): नवीन घर बांधलं, कंपाउंडच्या कडेला सोनचाफ्याचं कलम लावलं. पहिल्या वर्षी छान होतं, आता नवीन येणारी पानं पिवळीधमक येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी बोअरचं आहे. युरिया घातला, फरक नाही. झाड आजारी आहे का?

उत्तर: आजारी नाही, उपाशी आहे, आणि पोटात अन्न असून उपाशी आहे. कुठली पानं पिवळी पडतात ते आधी बघायचं. जुनी, खालची पानं सगळी फिकी पडत असतील तर नत्र कमी. जुन्या पानांच्या शिरांमधली जागा पिवळी पडत असेल तर मॅग्नेशियम. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यावर हिरव्या शिरांचं जाळं स्पष्ट दिसत असेल, तर ती लोहाची कमतरता, तुमच्याकडं तीच आहे, आणि युरियानं ती जाणार नाही.

मॅग्नोलियाला थोडी आंबट माती आवडते, पीएच (आंबटपणाचं माप) साडेपाच ते साडेसहाच्या आसपास. आपली काळी माती बऱ्याच ठिकाणी अल्कधर्मी आणि चुनखडीची, बोअरचं पाणी जड, आणि तुमच्या बाबतीत तर कंपाउंडच्या पायथ्याला बांधकामाचा राडारोडा, सिमेंट, चुना हमखास गाडलेला असणार. अशा मातीत लोह असतं पण मुळांना ते उचलता येत नाही. कोरडं ढेकूळ घेऊन त्यावर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे आले तर चुनखडी भरपूर आहे असं समजा.

लगेचचा उपाय म्हणजे फवारणी, एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, कोवळ्या पानांवर दोन्ही बाजूंनी, पंधरा दिवसांनी परत. भिंतीवर आणि फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. पण हा तात्पुरता उपाय झाला, पुढची पानं परत पिवळी येतील. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह घ्या, आणि दुकानात ईडीडीएचए प्रकारचंच मागा, ईडीटीए प्रकारचं स्वस्त मिळतं पण चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. मूळ दुखणं कमी करायला खोडाभोवतीचा दिसेल तेवढा राडारोडा हातानं वेचून काढा, माती परीक्षण करून त्याप्रमाणं थोडं गंधक द्या, पालापाचोळ्याचं खत दरवर्षी वरून घाला आणि पावसाळ्यात गच्चीचं पाणी एखाद्या बॅरलमध्ये धरून ठेवता आलं तर तेच पुढं वापरा. झाड मोकळ्या जागी असतं तर एवढं करावं लागलं नसतं, कंपाउंडच्या कडेला काही लावायचं असेल तर तिथली माती आधी बघावी असं मी सगळ्यांनाच सांगेन.

प्रश्न (इचलकरंजी): कलम म्हणून सोनचाफा घेतला, सहा वर्षं झाली, झाड माडीच्या वर गेलं, पण एक फूल नाही. शेजारचे म्हणतात वांझ झाड आहे, तोडून टाका.

उत्तर: तोडू नका! झाड वांझ वगैरे नसतं. बहुतेक तुम्हाला बियांचं रोप मिळालंय, किंवा कलमाचा वरचा भाग पहिल्याच वर्षी मेला आणि खालच्या खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपाची, फूट वाढून झाड झालं. खोडाच्या तळाशी वीतभर उंचीपर्यंत नीट हात फिरवून बघा, कलमाच्या जोडाची गाठ किंवा तिरकी खूण सापडते का. गाठ असेल आणि फांद्या तिच्या खालून निघाल्या असतील तर उत्तर मिळालं.

कलम वर्ष-दोन वर्षांत फुलतं, बियांचं रोप सात-आठ वर्षं घेतं, कधी त्याहून जास्त. ग्रँडिफ्लोराचं बियांचं झाड तर दहा वर्षं सहज घेतं. म्हणजे तुमचं झाड आता वयात येतंय आणि नेमकं तेव्हाच तोडायची भाषा चाललीय. युरिया, कोंबडीखत बंद करा, त्यानं नुसती पानं वाढतात. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळतंय का बघा. धीर नसेल तर माहितगार माळ्याकडून वरच्या कोवळ्या फांद्यांवर फुलणाऱ्या झाडाच्या काड्यांची पाचर कलमं भरून घ्या, एवढं तयार मूळ असल्यावर ती जोरात वाढतात. पुढच्या वेळी रोप घेताना जोड डोळ्यानं बघूनच पैसे द्या, आणि जोडाच्या खालून फुटलेला कोंब दिसला की लगेच मोडायचा.

प्रश्न (कसबा बावडा): २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या परसात कमरेएवढं पुराचं पाणी होतं, काही दिवस उतरलं नाही. तिथं मॅग्नोलिया चालेल का?

उत्तर: नाही. रोप लहान असताना एवढे दिवस पाणी मुळाशी थांबलं तर सोनचाफा जगत नाही, ग्रँडिफ्लोराचीही खात्री देता येत नाही. तिथं अर्जुन, करंज, जांभूळ लावा, ही झाडं नदीकाठचीच आहेत, पाणी सोसतात. चाफ्याची हौस असेल तर कवठी चाफा मोठ्या कुंडीत, गच्चीवर.

प्रश्न (ताराबाई पार्क): सदाहरित म्हणता मग फेब्रुवारी-मार्चमध्ये एवढी पानं का गळतात? रोज झाडून दमायला होतं.

उत्तर: सदाहरित म्हणजे एकही पान गळत नाही असं नाही, सगळी एकदम गळत नाहीत एवढंच. नवीन फूट यायच्या सुमारास जुनी पानं पिवळी होऊन पडतात, ते चांगलं लक्षण आहे. ग्रँडिफ्लोराचं पान जाड असल्यामुळं लवकर कुजत नाही, त्यामुळं पसारा जास्त वाटतो. जाळू मात्र नका हो, पायानं चुरून झाडाखालीच सरका, त्याचं खत त्यालाच लागतं. आणि पार्किंगच्या वर हे झाड लावू नये, हे लावायच्या आधी बघायचं.

प्रश्न (फुलेवाडी): सोनचाफ्याची कोवळी पानं अळ्या खातात, हिरव्या, पुढून फुगलेल्या. कुठलं औषध मारू? शिवाय फांद्यांवर काळी काजळी आणि मुंग्या पण आहेत.

उत्तर: ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, गल्लत करू नका. हिरव्या, मानेजवळ फुगीर अळ्या बहुतेक टेल्ड जे नावाच्या फुलपाखराच्या आहेत. मादी कोवळ्या पानावर एकेकटं अंडं घालते, अळी लहानपणी काळपट असते, मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढून वास सोडते. तिचा कोष तर एवढा हुबेहूब पानासारखा असतो की समोर असून दिसत नाही. फुलपाखरू काळं, त्यावर लखलखीत हिरवे ठिपके, एका जागी म्हणून ठरत नाही, फुलावर बसलं तरी पंख हलतच असतात. सोसायट्यांच्या कडेला असतो त्या खोट्या अशोकावर आणि सीताफळावरही ते वाढतं. दहा-वीस पानं गेली तर सोनचाफ्याचं काही बिघडत नाही, औषध मारू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा.

काजळी आणि मुंग्या म्हणजे मात्र खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण. फांदीला चिकटलेले तपकिरी खवले नखानं खरवडून बघा, निघतात. ते रस शोषतात, गोड चिकट पाणी टाकतात, त्यावर काळी बुरशी येते आणि त्या गोडासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. जास्त भरलेली फांदी कापून टाका, बाकीच्यांना जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणात मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं परत. खोडावर मुंग्यांची वाट बंद केली की निम्मं काम झालं.

प्रश्न (पन्हाळा रोड): सोनचाफ्याच्या वासाला साप येतात म्हणून सासूबाई लावू देत नाहीत.

उत्तर: साप वासावर भाळून येत नाही, तो उंदीर-बेडकांच्या मागं येतो. झाडाखाली विटांचा, लाकडाचा ढीग ठेवू नका, सांडलेलं धान्य, खरकटं पडू देऊ नका, म्हणजे उंदीर येणार नाहीत आणि सापही. पहिली ओंजळभर फुलं सासूबाईंना अंबाबाईला वाहायला द्या, मग बघा!

प्रश्न (मंगळवार पेठ): आजोबांनी लावलेला सोनचाफा आहे, वाडा पाडून अपार्टमेंट होतेय. बिल्डर म्हणतोय क्रेननं उचलून दुसरीकडं लावून देतो. जगेल का? आम्हाला फार जीव आहे त्या झाडाचा.

उत्तर: खरं सांगतो, एवढ्या जुन्या सोनचाफ्याची आशा कमी आहे. वर लिहिलं तसं त्याची मुळं मांसल आणि लांबवर पसरलेली, क्रेननं उचलताना त्यातला फार थोडा भाग बरोबर येतो आणि तुटलेली मुळं कुजायला लागतात. म्हणून आधी झाड आहे तिथंच ठेवता येतं का ते पाहा. शहरात झाड तोडायला किंवा हलवायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा राज्याचा झाडं जपायचा कायदा आहे, त्यामुळं हा विषय एकट्या बिल्डरनं ठरवायचा नाही. आराखडा कागदावर असतानाच आर्किटेक्टला घेऊन झाडाखाली उभे राहा, बऱ्याचदा पार्किंगची एक जागा किंवा गेट सरकवून काम होतं.

झाड राहणार असं ठरलं तर काम सुरू व्हायच्या आधी फांद्यांच्या घेराएवढ्या जागेला पत्रे लावून घ्या. त्या आत सिमेंट कालवायचं नाही, वाळू-खडी टाकायची नाही, जेसीबी फिरवायचा नाही, आणि जमिनीची पातळी वाढवायची म्हणून मुरूम तर अजिबात नाही, मुळांवर फूटभर भर पडली तरी झाड गुदमरतं, आणि ते लगेच दिसत नाही, दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं तेव्हा कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. वर फरशीच घालायची असेल तर खोडाभोवती निदान सहा-सात फूट माती मोकळी ठेवा.

आणि हे सगळं चाललेलं असताना दुसरीकडं त्याची कलमं करून घ्या, म्हणजे काहीही झालं तरी तेच झाड तुमच्या हातात राहील. चांगल्या नर्सरीवाल्याला घरी बोलवा, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या तो नेईल आणि खुंटांवर बांधून देईल. फळं धरली असतील तर बियाही घ्या, फक्त बियांचं झाड हुबेहूब आजोबांच्या झाडासारखंच होईल असं नाही. फळं तडकून लाल बिया दिसायला लागल्या की बुलबुलांच्या आधी गाठायला लागतं. लाल गर राखेत किंवा वाळूत चोळून पूर्ण काढायचा, धुवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं, सोनचाफ्याचं बी वाळवून ठेवलं की उगवण फार लवकर कमी होते. पिशव्या सावलीत ठेवा, ओल टिकवा, महिना-दोन महिने काही दिसलं नाही तरी उकरून बघू नका. चार कलमं झाली तर एक नवीन बिल्डिंगच्या आवारात लावा, बाकीची घरातल्या ज्यांना ज्यांना स्वतःची जमीन आहे त्यांना द्या, आणि लावताना उचगावच्या दादांना वर लिहिलंय ती पाण्याची परीक्षा तेवढी आधी करा.